कलम नऊ, सुधारित

जुन्या तहातलं कलम नऊ साडेतीन ओळींचं,
आगबोटींच्या काळात कुणा साहेबाने लिहिलेलं:
साक्ष कागदावरच, लाखेच्या शिक्क्यानिशी,
आणि कागद जाणार दिल्लीवरून.
म्हणजे रत्नागिरीहून समोरच्या किनाऱ्याला पोचायचं
तर आधी समुद्राकडे पाठ करायची.

मी कोर्टात नाझर.
रुकय्या होडेकरची फाईल माझ्या टेबलावरून
तीनदा गेली, तीनदा परत आली.
पहिल्यांदा लाख वितळली होती. मे महिना.
दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं,
कोयती म्हणजे हत्यार की अवजार?
आम्ही कळवलं, दोरी कापली तर अवजार.
तिसऱ्या वेळी, विचारणारा अधिकारीच निवृत्त.

अकरा वर्षं.
वाट्यावरून भांडण, बारा वावांवर, रात्री.
सिराजचं प्रेत होडीतून आलं,
आदम पोहत कुठल्या तरी परक्या ट्रॉलरवर चढला
आणि पलीकडे जाऊन पकडला गेला.
माणूस देणार नाही, ते म्हणाले,
खटला इथेच चालवू, पुरावा पाठवा.

यंदा तह सुधारला.
कलम नऊ आता दोन पानांचं, सात पोटकलमांचं,
आणि दुसऱ्याच पोटकलमात एक पडदा.

मंगळवारी दुपारी पडदा लागला.
राजिवड्याहून रुकय्या रिक्षाने आली,
ओढणीला इस्त्री केलेली.
मी मुद्देमालाच्या कपाटातून कोयती काढली,
पिशवीसकट कॅमेऱ्यापुढे धरली.
तिकडच्या न्यायाधीशांनी ती
दोन सेकंदांनी पाहिली.

ओळखता?
"माझीच हाय. मूठ मी सुतळीन बांधलेली.
म्हावरा कापायला त्यानं मागितली, मी दिली."
दुभाष्याने 'म्हावरा'पाशी थांबून माझ्याकडे पाहिलं.
मासे, मी म्हणालो.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात आदम.
दाढी सगळी पांढरी, अंगात कुणाचा तरी स्वेटर.
कोयती बघून त्याने हात कपाळाशी नेला.
तो सलाम इथे पोचला
तेव्हा रुकय्या खाली बघत होती.

आणखी काही सांगायचंय?
"थंय आता भरती हाय का सुकती?"

दुभाष्या घुटमळला. तिकडचे वकील उठले.
प्रश्न अप्रस्तुत. वगळावा.
मग कोपऱ्यातून, कुणी न विचारता,
"सुकती, चाची. आत्ताच लागली."
शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
पडदा निळा झाला.

मी ते नोंदवलं नाही.
आरोपीने साक्षीदाराशी बोलू नये,
पोटकलम पाच, अगदी स्पष्ट.

तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलो.
खाडीत होड्या चिखलावर कलंडलेल्या.
तिने तिकडे पाहिलंही नाही.
"नाझरसाहेब, कोयती परत कधी गावंल?"

निकाल लागल्यावर, म्हटलं. अर्ज करावा लागेल.
कुठे करायचा, ते मात्र मलाही
दोन पानांत सापडलेलं नाही.