उत्तरापोशन

मकरपुरा, रात्रीचे पावणेतीन.
हार्दिकचं बोट लाल बटणावर :
"बेन, सीधुं बंध करी दउं?"

थांब रे.
सात नंबरवर अजून अकरा जण जेवतायत.
नवं पान मांडू नकोस, एवढंच.
वाढपाची पळी आधी तीन नंबरकडे दे,
आणि त्यानं धरलीय का ते बघ.
नुसतं 'दिली' म्हणू नकोस.

नऊ. चार.
एक कुणीतरी ताकभात चिवडत बसलंय
वीस मिनिटं.

दांडिया बाजारात आमचे आप्पा
शेवटचं उत्तरापोशन होईतो
पाटावरून उठत नसत,
पायाला मुंग्या आल्या तरी.

शून्य.
"हवे?"
आता कर.

सात नंबरचा दिवा गेला.
तीन नंबर वाढत होता,
पंगतीला कळलंही नाही.