निम्मे

योर्लेनी केसादा सकाळी सातला
पिंजऱ्यांवरचं फडकं उचलते.
अठ्ठेचाळीस तास भरले.
डाव्या टोकाच्या पिंजऱ्यात सगळे उंदीर जागे,
उजव्या टोकाला सगळे आडवे.
तिचं काम मधल्यांत.

विषाची परीक्षा पाहू नये, म्हणतात.
कुणीतरी पाहतंच.
इथे, कोस्टा रिकाच्या या टेकडीवर, धुक्यात,
ती पाहते. महिन्याच्या पगारावर.

सापाचं नाव टेर्सिओपेलो.
म्हणजे मखमल.
कुपीत वाळलेलं त्याचं विष
पिवळसर, काकवीच्या खड्यांसारखं,
चिमूटभरसुद्धा नाही.

रीत सोपी आहे:
ज्या मात्रेला निम्मे मरतात, ती त्या विषाची ओळख.
आकडा जितका लहान तितकं जहाल.
हे कळायला तिला एक दुपार लागली,
अंगवळणी पडायला वर्ष.

मधला पिंजरा.
एका वजनाचे, एका दिवशी जन्मलेले पाच.
दोन गेले.
एक थरथरतोय (थरथरणारा जिवंतांत धरायचा).
एक दाणा कुरतडतोय.
आणि एक मिशा पुसत बसलाय,
जणू परवा काही टोचलंच नव्हतं.
का, याला वहीत रकाना नाही.

रविवारी साराप्पिकीला घरी गेली की
बाप ओसरीत खुर्चीवर. दोन एलादियो.
अननसाच्या मळ्यात चावली होती,
झोळीतून दोन ओढे पार करून नेला,
गुडघ्याखालचं तिथेच ठेवून आला.
त्याच आठवड्यात शेजारचा विल्बर्थ. एकोणीस वर्षांचा.
त्याला रस्त्यावर आणेपर्यंत जीप थांबली नाही.

"मला चावली ती कितीच्या आकड्याची?" बाप विचारतो.
"पापा, आकडा उंदरांचा असतो."
"मग मी वाचलेल्या निम्म्यांतला."
ती कॉफी गाळते.
सापाने किती ओतलं, कुणी मोजलं नव्हतं.
कदाचित मखमल त्या दिवशी
आधीच काही खाऊन बसली होती.

सातला फडकं उचलल्यावर
सव्वासातला दोन, तीन असं लिहून होतं.
मागच्या कुरणात घोडे ओलं गवत ओढतायत,
त्यांच्या रक्तातून उतारा निघतो.
त्यांच्या नावांची पाटी आहे.

मग वाचलेल्यांचा पिंजरा ती पुढे सरकवते,
नळी जोडते. नियम आहे:
एकदा टोचलेला उंदीर पुन्हा चालत नाही.
मिशा पुसणारा अजून मिशाच पुसतोय.
योर्लेनी खिडकीकडे बघत वायू सोडते
आणि वहीत त्याला, आधी लिहिल्याप्रमाणे,
जिवंतच राहू देते.