दोन ग्रॅम

सांगलीच्या कारखान्यानं मला मत्रहला पाठवलं
ते बाजारातले काटे तपासायला.
तीन आठवडे, एकशे बारा दुकानं,
पितळी वजनांची पेटी, शिसं, सील करायची तार.
हॉटेलच्या खोलीत पलंग दोन.
न झोपलेला पलंगसुद्धा
मी रोज सकाळी झटकून ठेवायची.

वय एकोणपन्नास.
लग्नाचं विचारणारी माणसं गावात आहेत अजून,
पण कंटाळलीत.

एक्केचाळीस नंबरचं दुकान लोबानाचं.
आत गारवा, बाहेर आलं की चष्म्यावर वाफ,
आणि वाफेपलीकडे दुकानदार, शंबे.
"शंबे म्हणजे शनिवार," तो म्हणाला
सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत.
"त्या दिवशी जन्मलो. आईला दुसरं सुचलं नाही."
आमच्याकडे शनिवारी नखंसुद्धा कापत नाहीत,
मी म्हटलं, आणि जीभ चावली.
तो आपली नखं बघत बसला.

तबकडीचा जुना काटा. शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं,
सुई अठ्ठ्याण्णववर थांबली.
पुन्हा ठेवलं. अठ्ठ्याण्णव.
"शंभरामागे दोन ग्रॅम जास्त जातात तुमचे.
तोटा आहे."
"माहीत आहे. वडिलांपासून."
"मग दुरुस्त का नाही केला?"
"गिऱ्हाइकाला कळत नाही, मला लागत नाही.
आता तुम्ही मोजलंत,
आता लागेल."

दुसऱ्या दिवशी मी पक्कड विसरले होते त्याच्याकडे.
तिसऱ्या दिवशी पक्कड पर्समध्येच होती.

बंदराजवळ एका वखारीच्या भिंतीवर
गुरुवारी रात्री जुने सिनेमे दाखवत.
प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदी पेल्यात करक चहा,
पाठीमागे काळे डोंगर, दिवसभराचं ऊन अजून अंगात धरून.
आमच्या दोघांत एक खुर्ची मोकळी.
तिच्यावर मी वजनांची पेटी ठेवली.

सिनेमा कुठल्या देशाचा ते कळलं नाही.
एक बाई बोटीतून एकटीच उतरते, टोपी सावरत.
परक्या शहरात दोन कप चहा मागवते,
एक स्वतःला, एक समोरच्या जागेला.
रोज. पैसे दोन्हींचे देते.
मग एक दिवस कुणी येऊन तो दुसरा, निवलेला चहा
न विचारता पिऊन टाकतो.
खाली अरबी अक्षरं धावत होती,
शंबे ती हळू आवाजात मला हिंदीत सांगत होता,
आणि दोघं काहीच बोलत नव्हती
तिथंही तो
काहीतरी सांगत राहिला.

बोटीचा भोंगा झाला. ती जिन्यापाशी आली, थांबली,
आणि भिंत पांढरी झाली.
लोक निमूट उठले.
"शेवटची दहा मिनिटं या प्रतीत नाहीतच," तो म्हणाला,
"मी चौथ्यांदा बघतोय."
"मग काय करते ती?"
"राहते."
"जाते," मी म्हटलं. "तिचं तिकीट काढलेलं आहे."
त्यानं पेटी उचलली. खुर्ची तशीच ठेवली.
हॉटेलपर्यंत वीस किलो पितळ
या हातातून त्या हातात घेत चालला,
गलबतांच्या दोरांवरून वाट काढत,
मला एकदाही उचलू दिलं नाही.
दारापाशी म्हणाला, "जड आहे तुमचं काम."
मी म्हटलं, हो.
आणखी काही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

आता सांगलीत, टेबलावर अहवाल.
बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवतंय केव्हाचं.
दुकान क्रमांक एक्केचाळीस.
काट्याची स्थिती: अचूक.
सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं
माझ्या सहीचं पहिलं खोटं.
शाई वाळेपर्यंत बघत बसले.
त्याच्याखाली एक ओळ आहे,
'फेरतपासणी बारा महिन्यांनी.'
ती मी लिहिलेली नाही.
ती फॉर्मवर
छापूनच येते.