शून्य, किंवा अजून नाही

क्लाक्सविकच्या धक्क्यावर
माझा काटा एकोणीस वर्षं खरं बोलला.
खोटं बोलू लागलं ते वेबपान.
सकाळी सात पेट्या कॉड, मागून तीन हॅडॉक,
पडद्यावर बेरीज : त्र्याहत्तर.
सातापुढे तीन नुसता चिकटवला होता,
पाकिटावर तिकिटाशेजारी तिकीट.
तोर्शाव्हनहून बोगद्यातून ट्रक आला,
त्र्याहत्तर पेट्या न्यायला.
त्या माणसाचं तोंड मला अजून दिसतं.

ज्या पोरानं ते लिहिलं, तो गेला आल्बोर्गला.
म्हणून बावन्नाव्या वर्षी मीच बसले,
काट्याच्या खोलीत, हीटरला पाय लावून :
टाइपस्क्रिप्ट, धडा पहिला.
आधी सांग, म्हणते ही भाषा, हे आहे काय?
आकडा की अक्षरं?
मी म्हटलं, मासे आहेत, बाई.
तिनं खाली लाल नागमोडी रेघ ओढली.

तीन रात्री रेघाच रेघा.
विणताना माझा टाका चुकला की
आई असंच करायची :
बोलायची नाही, बोट ठेवायची.

चौथ्या रात्री बोटींचा तक्ता घेतला.
नाव : अक्षरं. पेट्या : आकडा.
पुन्हा रेघ. हा आकडा कदाचित नसेलच.
नसेल म्हणजे?
शून्य घालते की!
रेघ हलेना.

मग आठवला फेब्रुवारीतला तो गुरुवार.
हाइनी रिकामा परतला होता,
इथेच, या स्टुलावर, माझी कॉफी पीत
वाऱ्याला शिव्या घालत होता.
पानानं शून्य पाहिलं आणि छापलं :
बोट अजून आली नाही.
फोन वाजला. बिरिता.
विचारेना काही, नुसता श्वास.
मी फोन त्याच्याच हातात दिला.

शून्य म्हणजे आली, रिकामी.
नाही म्हणजे समुद्रात.
जुन्या पानाला दोन्ही एकाच खड्ड्यात.
वेगळं ठेवायला
एवढीशी उभी रेघ लागते :
आकडा, मध्ये रेघ, किंवा अजून नाही.
घातली. लाल गेलं.
एक्केचाळिसाव्या ओळीवर दुसरं उगवलं,
ते उद्या बघू.

पहाटेचे पाच. समोर कुनोय धुक्यात गडप.
नऊ बोटींपुढे आकडे आले,
दोन अजून नाही.
त्यातली एक हाइनीची.

कॉफी ठेवते.
शून्य घेऊन आलास तरी चालेल रे.