पहिले दहा सेकंद

किल्ली फिरवणाऱ्याला धूर दिसत नाही.
तो मागच्यांना दिसतो,
म्हणून मला तो कळला
आधी भदौरियाबाईंच्या कपाळावरच्या आठीतून,
मग त्यांच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरीतून,
जिला, त्या म्हणाल्या, रोज सकाळी सात वाजता
जळक्या तव्याचा वास येतो.

मी म्हटलं, जानेवारी आहे, ग्वाल्हेर आहे,
इथे म्हशींच्या नाकातूनही धूर निघतो.

पण शंका शिरली की शिरली.
शाळा सुटल्यावर गाडी नेली शिंदे की छावणीत,
हरगोविंद कुशवाहच्या गॅरेजवर.
त्याने किल्ली मारली, मागे गेला, वाकला.
काही नाही.
पुन्हा मारली. काही नाही.
डॉक्टरच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, तसं.
चौथ्यांदा गेले तेव्हा हात पुसत म्हणाला,
"इथे येईपर्यंत ती सगळं गिळून टाकते, मॅडम.
आज रात्री तिला हात लावू नका.
सकाळी मीच येतो. तोवर उठवायचं नाही."

साडेसहाला आला, सायकलवर,
मफलरमधून फक्त डोळे.
कोहऱ्यात किल्ला नव्हता, पाण्याची टाकी नव्हती,
समोरचं फाटकसुद्धा नव्हतं.
बॉनेटवर त्याने तळहात ठेवला, बराच वेळ.
खिशातून पांढरा रुमाल काढला, इस्त्रीचा,
लग्नाला नेतात तसा,
आणि म्हणाला, तुम्ही मागे उभ्या राहा,
किल्ली मी मारतो.

मागे.
सत्त्याण्णवची मारुती, पहिल्या दिवसापासून माझीच,
आणि ती सुरू होताना
मी कधी तिच्या मागे उभी राहिले नव्हते.

गणित शिकवते मी. त्याचं सांगणं ओळीने उतरवून ठेवलं होतं:
काळा असेल तर पेट्रोल जास्त, चोक बघायचा.
पांढरा, दाट, गोडसर वासाचा,
तर हेडच्या गॅस्केटमधून पाणी, पुढे देव बघेल.
पांढरा पण लगेच विरणारा, तर थंडी, दुसरं काही नाही.
निळा असेल तर
तिथे त्याला कुणीतरी हाक मारली होती.

खर्रर्र. पकडलं.
आधी वाफेचा गोळा आला, कोहऱ्यात मिसळून गेला,
मला वाटलं, सुटले.
मग त्याच्या आतून, जरा उशिरा,
निळसर काहीतरी निघालं,
दौत धुतल्यावर पाणी होतं त्या रंगाचं,
आणि विरलं नाही.
गुडघ्याएवढ्या उंचीवरून भदौरियांच्या कुंपणाकडे सरकत गेलं,
रस्ता पाठ असल्यासारखं.

मी मोजत होते. नऊ. दहा.
मग काहीच नाही.
इंजिन असं चालू, जसा
इन्स्पेक्शनच्या दिवशीचा सातवी ब.

रुमालावर ओल, आणि ओलीत
तीन-चार पिवळट ठिपके.
"रिंगा ठीक आहेत," तो म्हणाला, "नाहीतर चढावर धूर दिला असता.
झडपांच्या देठावरचं रबर कडक झालंय.
रात्रभर थेंब थेंब तेल खाली उतरतं.
सकाळी तेवढंच जळतं, बस."
सहा झडपा, सहा टोप्या, हरभऱ्याएवढ्या.
टोप्या स्वस्त. त्यांच्यापर्यंत पोचणं महाग.

विचारलं, नाही केलं तर चालेल?
"तेल बघत राहा. चालेल."
सायकलवर टांग टाकली, मग थांबला.
"मला काय विचारता. त्यांना विचारा."

त्या कुंपणापाशीच होत्या, शालीत,
कोहऱ्यात आधी कप दिसला, मग त्या.
मी गेले तिकडे,
रुमाल दोन बोटांत धरून,
ठिपक्यांची बाजू त्यांच्याकडे.