सत्तर मायक्रॉन

सत्तर मायक्रॉन. केसाइतकी जाडी,
सांगायचो आम्ही नव्या पोरांना.
कुपवाड एमआयडीसीत सव्वीस वर्षं
पाळणे, ट्रॅक्टरचे बोनेट, दवाखान्यातल्या खाटा
हुकाला टांगल्या, पावडर मारली, भट्टीत ढकलल्या.
रंग चढवणारा माणूस मी.
उतरवायला बसलोय आज पहिल्यांदाच.

सुरी मनोज्ञची, ऑनलाइन मागवलेली.
न दुमडणारी, टोकापासून मुठीच्या आतपर्यंत एकच पोलाद,
वर काळा मुलामा, उन्हातही चमकू नये असा.
एकदाच प्रचितगडावर गेली आणि भिजून आली.
मग पोरगा गेला बंगळूरला, ही राहिली गॅलरीत,
कारण म्यान चामड्याचं
आणि आईला ते उंबऱ्याच्या आत चालत नाही.
"मारणार काय आहेस रे तिनं, आदगोंडा?" हे वर.

मुलाम्याला फोड आलेत.
खाली गंज चालतोय, वाळवीच्या चालीनं.

धारेवर टेप, टेपवर जुन्या बनियनची पट्टी.
मुठीचे दोन स्क्रू काढून वाटीत ठेवले.
रिमूव्हर जाड थापलं, प्लास्टिकची पिशवी गुंडाळली,
अर्ध्या तासानं बघतो तर मुलामा सुरकुतलाय
दुधावरच्या सायीगत.
ओढला. सगळा नाही आला.
काही ठिकाणी असा अडून बसला की मला बरंच वाटलं:
कुणीतरी हे पोलाद नीट धुतलं होतं,
टाकीत पुरता वेळ बुडवलं होतं,
वर सुपरवायझर उभा असताना, किंवा नसतानाही.

मग वॉटर पेपर. एकशेवीस, दोनशेवीस, चारशे,
एकाच दिशेनं, पाणी सोडत.
पेरांच्या भेगांत काळं जाऊन बसलं,
जसं नोकरीत बसायचं.

आणि मुठीजवळ हा ओरखडा.
तिरका, खोल, बाकीच्या रेघांशी फटकून.
ग्राइंडरवर हात निसटलाय.
शिफ्ट संपत आली असेल,
नाहीतर मागून कुणी हाक मारली असेल.
त्यानं अंगठ्यानं चाचपून पाहिलं असणार
आणि सुरी पुढच्या ट्रेमध्ये ठेवली असणार:
कोटिंगवाला झाकेल.

झाकतोच कोटिंगवाला.
एका खाटेच्या पायाला भोक चुकलं होतं, पुट्टीनं बुजवलेलं.
वेल्डर नवा, लग्न ठरलेला, रडकुंडीला आलेला,
"मामा, एवढं जाऊ दे की."
पांढऱ्या रंगात गेलं ते. तपासणीतही गेलं.
कुठल्या गावच्या दवाखान्यात आहे ती खाट,
पाय अजून धरून आहे का,
हे विचारायला पत्ता नाही.

मिरजेच्या इस्माईल शिकलगारला फोटो पाठवला.
तो सतारींना पॉलिश करतो,
त्याचे पणजे तलवारी घासायचे.
"ओरखडा जाईल, पण पातं पातळ हुईल.
तुमचं तुम्ही ठरवा.
आन् बटाट्यात खुपसून ठेवा रातभर,
झ्याक राखाडी रंग धरंल."
आता बटाटा आमच्या घरात कधी आलाय?

मेहुण्याच्या बागेत तासगावला विरळणी चाललेली.
त्यानं पिशवीभर कच्चे मणी आणून दिले, आंबट ढाण.
खलबत्त्यात ठेचले, पात्याला लिंपले,
ओरखड्यासकट.

सकाळी धुतलं तर पारव्याच्या मानेचा रंग,
साली चिकटल्या तिथं फिके गोल डाग.
सारखा नाही आलेला. कारखान्यात हा माल
मी परत पाठवला असता.

शिलाई मशीनचं तेल पुसून मूठ बसवली.
हे तेल आता दर महिन्याला.
मुलामा असता तर ही कटकट नव्हती.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत,
आईनं न विचारता सुरी उचलली,
साबणानं दोनदा धुतली
आणि काकडी चिरली.
एक फोड तोंडात टाकून थांबली.
"लोखंड लागतंय रे," म्हणाली,
आणि ताटलीत मीठ शोधू लागली.