सातवा खटका

रात्री नऊ चाळीसला फोन आला.
सेन्दाईत माझ्या टेबलावर निवलेली कॉफी,
भिंतीवर अख्ख्या ईशान्येचा नकाशा,
आणि पलीकडे अकितातल्या कुठल्याशा दरीतला एक म्हातारा,
तोंड जेमतेम उघडून बोलणारा.
थंडी आत शिरू नये म्हणून तिकडे असंच बोलतात म्हणे.

वीज गेली.
शेजारी दिवे आहेत का?
शेजार नाही.
रस्त्यावरचा दिवा?
आहे. त्याच्या उजेडात बर्फ पडताना दिसतोय.
म्हणजे गेलीय ती तुमच्यापुरतीच, हाताकेयामा-सान.

पेटी कुठंय? न्हाणीघराच्या दारावर.
स्टूल डगमगत नाही ना? डगमगतं.
हात कोरडे आहेत?
यावर बराच वेळ
काहीतरी पुसल्याचा आवाज येत राहिला.

मग ते विजेरी दातांत धरून बोलू लागले.
माझ्यापर्यंत नुसते स्वर पोचत होते,
व्यंजनं विजेरीनं खाल्ली.

मधला मोठा, पिवळ्या बटणाचा, तो पडलाय?
आऽ.
म्हणजे कुठंतरी गळतंय.
पाणी नाही, वीज.
वीजसुद्धा गळते, आजोबा.
(आजोबा म्हणणं आमच्या नियमात बसत नाही.)

बारीक खटके सगळे खाली घ्या. आठ आहेत ना?
आता मोठा वर. टिकला? टिकला.
आता बारीक एकेक वर. घाई नको.
प्रत्येकानंतर एक श्वास थांबायचं.

पहिला वर गेला आणि कुठंतरी फ्रिज कण्हत उठला.
दुसऱ्यानं टीव्हीतल्या बाईला
अर्धवट राहिलेलं हवामान सांगायला लावलं.
तिसरा, चौथा... मी मोजत होते,
ते माझ्यामागून मोजत होते,
शाळेत पाढे म्हणतात तसं, थोडं गात.

सातव्याला सगळं पुन्हा काळं.
विजेरी खाली पडल्याचा आवाज,
आणि पहिल्यांदाच स्वच्छ व्यंजनांत एक शिवी.

पुन्हा सगळे खाली, मोठा वर, एकेक वर.
या खेपेला मी काहीच सांगितलं नाही.
सातवा त्यांनी आपण होऊन सोडला.
आठवा वर. घर उभं राहिलं.

सातव्यावर काय लिहिलंय?
काहीच नाही.

सतरा वर्षं मी हेच काम करते.
दर दुसऱ्या घरात असा एक बिननावाचा खटका निघतो.
तो कशाचा, कोणाला ठाऊक नसतं,
आणि खाली ओढायचा धीरही होत नाही.

मी नोंद केली: तक्रार मिटली.
वीस मिनिटांनी पुन्हा तोच नंबर.
सापडला, म्हणाले. खिडकीतून पाहिलं.
नारिताच्या गोठ्यावरचा दिवा.

नारिता चिबाला गेला, मुलाकडे, अकरा वर्षं झाली.
त्याआधी कधीतरी त्याची गाय रात्री व्यायला झाली,
त्याच्याकडे दिवे नव्हते, यांनी तार टाकली.
एका रात्रीपुरती.
वासरू मोठं झालं, विकलं, गोठा रिकामा झाला,
तार काढायची राहिली.
आज बर्फानं छप्पर बसलं. तारेवर.

रात्री लघवीला उठलो की दिसायचा, म्हणाले.
वाटायचं, नारिता जागा आहे.

मला सांगावंच लागलं:
अशी तार दुसऱ्याच्या जागेत नेता येत नाही,
सकाळी माणूस येईल, तोडून जाईल,
तोवर सातव्याला हात लावू नका.
ते हो म्हणाले.
इतक्या पटकन म्हणाले की मी अर्ज थोडा खोटा भरला.
'उपयोग' या रकान्यात लिहिलं: अंगणातला दिवा.
कोणाचं अंगण, ते नाही लिहिलं.

ठेवू का फोन?
थांबा. आता बिल किती कमी येईल?
मी आकडेमोड केली: चाळीस वॉटचा बल्ब, रोज बारा तास.
महिन्याला साडेचारशे येन, फार तर.

एवढंच? म्हणाले ते.
त्यांना हायसं वाटलं
की वाईट वाटलं,
ते त्या बंद तोंडातून मला काही कळलं नाही.